दुकानातला निवडुंग घरी आणताना

निवडुंग म्हणजे विसरून गेले तरी जगणारे झाड, अशी त्याची ख्याती आहे आणि रोपवाटिकांत व बागकामाच्या मोठ्या दुकानांत तो बहुतांशी या ख्यातीवरच खपतो. प्रत्यक्षात हौसेने आणलेले कितीतरी छोटे निवडुंग वर्षा-दीड वर्षात बुडाशी मऊ पडून कोसळतात किंवा हळूहळू सुरकुतत जातात आणि ते आणणारी व्यक्ती ‘आपल्या हातालाच गुण नाही’ असे म्हणून पुन्हा त्या वाटेला जात नाही. बरीच वर्षे निवडुंग वाढवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यात हाताचा दोष फार थोडा असतो. दुकानातला निवडुंग लवकर वाढवून, सजवून, विक्रीच्या दिवशी उत्तम दिसेल अशा बेताने तयार केलेला असतो आणि तो दीर्घकाळ जगावा ही जबाबदारी त्या सगळ्या साखळीत कोणाचीच नसते. त्यामुळे निवडताना आपण काय पाहिले आणि घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात काय केले, यावर त्या झाडाची पुढची अनेक वर्षे ठरतात.

हे झाड दुकानात येईपर्यंत त्याचे काय झालेले असते, ते आधी पाहू. मोठ्या उत्पादकांच्या हरितगृहांत निवडुंगाची रोपे भरपूर प्रकाश, ऊब, नियमित पाणी आणि पातळ खत यांवर वाढवली जातात, जेणेकरून ती कमीत कमी वेळात विकाऊ आकाराला यावीत. मुळांभोवती माती नसतेच, असते ते पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कारण ते वजनाला हलके, स्वस्त आणि वाहतुकीला सोयीचे असते. हरितगृहात हवा खेळती आणि प्रकाश प्रखर असल्यामुळे ते लवकर सुकते, म्हणून तिथे ते योग्यही ठरते. पुढे तेच रोप दुकानातल्या अंधूक फळीवर येते, जिथे पालेभाजीच्या रोपांना आणि निवडुंगांना एकाच नळीने पाणी मिळते. घरी आल्यावर तर प्रकाश आणखी कमी होतो आणि ते पीट आठवडेच्या आठवडे आतून ओले राहते. आपण धास्तीने पाणी तोडले की ते इतके कोरडे पडते की नंतर पाणी शोषूनच घेत नाही, वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते आणि तळाच्या बशीत पाणी दिसल्याने आपण समाधान मानतो. कुजणे आणि सुकून जाणे या दोन्ही तक्रारींचे मूळ असे अनेकदा एकाच जागी सापडते.

खरेदीबद्दल माझा पहिला सल्ला असा की दुकानात नवा माल कोणत्या दिवशी येतो हे विचारून घ्यावे आणि शक्यतो त्याच सुमारास जावे. झाड दुकानात जितके दिवस राहते तितके ते बिघडत जाते, त्यामुळे ‘सवलतीत’ लिहिलेल्या कोपऱ्यातल्या झाडांकडे दयेने पाहावे, पण पाकीट काढण्याआधी नीट तपासावे. तपासायचे ते मुख्यतः दोन टोकांना, शेंड्याला आणि बुडाला. शेंड्यावरची नवी वाढ खालच्या भागाशी रंगाने आणि जाडीने जुळती असावी. तिथे झाड एकाएकी निमुळते, फिकट आणि विरळ काट्यांचे झालेले दिसले तर ते प्रकाशाअभावी लांबलेले आहे असे समजावे. हा बारीक झालेला भाग पुढे कितीही ऊन दिले तरी पुन्हा जाड होत नाही, फक्त त्याच्या वर येणारी वाढ सुधारते आणि झाडाला कायमची कंबर पडते. बुडाशी एखाद्या काडीने हलके दाबून पाहावे. खोड घट्ट लागले पाहिजे. जुन्या निवडुंगांच्या बुडाशी तपकिरी, सालीसारखा टणक थर येतो, तो वयाचा भाग असून त्यात काळजीचे काही नाही, पण तपकिरी आणि मऊ अशी जोडी दिसली की ते झाड तिथेच ठेवून द्यावे.

काट्यांच्या बेचक्यांत कापसाचे कण वाटावेत असे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, असण्याची शक्यता मोठी असते. अडचण अशी की कित्येक जातींना काट्यांच्या मुळाशी स्वतःचीच पांढरी लव असते आणि दुकानातल्या दिव्यात दोन्ही सारखेच दिसतात. फरक ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे: झाडाची लव सर्वत्र एकसारखी, ओळीने मांडलेली असते, तर कीड कुठेतरी दोन-चार जागी, बहुधा शेंड्याजवळ किंवा दोन धारांमधल्या खाचेत, अनियमित गोळ्यांनी बसलेली असते. एक झाड तपासून थांबू नये, शेजारच्या चार कुंड्याही पाहाव्यात, कारण दाटीने ठेवलेल्या ट्रेमध्ये कीड एकटी राहत नाही. कुंडी उचलून तळाच्या भोकातून डोकावावे. मुळे बाहेर आलेली असणे फारसे वाईट नाही, पण तिथे पांढरी पूड किंवा कुबट वास असेल तर ते झाड घेऊ नये.

आता सजावटीबद्दल, ज्यावर माझा विशेष राग आहे. अनेक छोट्या निवडुंगांच्या डोक्यावर गुलाबी, पिवळे किंवा जांभळे, कागदासारखे कुरकुरीत फूल दिसते. ते त्या झाडाचे नसते. वाळवल्यावरही रंग टिकवणारी ही दुसऱ्याच एका वनस्पतीची फुले गरम गोंदाने चिकटवलेली असतात, आणि त्यांच्या पाकळ्या दमट हवेत मिटून कोरड्या हवेत उघडत असल्यामुळे ती जिवंत असल्याचा भास अधिकच पक्का होतो. निवडुंगाचे खरे फूल रेशमी चमकदार पाकळ्यांचे असते, त्यात बहुधा पुंकेसरांची दाटी असते आणि सामान्यतः ते काही दिवसांतच मावळते. महिनाभर जसेच्या तसे राहिलेले फूल खोटेच समजावे. फुलाचा देठ पाहायला जावे तर त्या जागी गोंदाचा पारदर्शक थेंब आणि त्यात अडकलेले दोन-चार काटे दिसतात. हा गोंद नेमका वाढीच्या बिंदूवर पडलेला असेल तर त्या जागी कायमचा व्रण राहतो. फूल उपटून काढू नये, त्याने सालही निघते. गोंद कोरडा होऊन सुटू लागला की चिमट्याने हळूहळू उचलावा, आणि फार घट्ट असेल तर फूल कापून थेंब तसाच राहू द्यावा. निळ्या-जांभळ्या रंगात बुडवलेले किंवा चकाकी फवारलेले निवडुंग हा यापुढचा प्रकार आहे. खोडावरची हिरवी त्वचाच निवडुंगाचे अन्न तयार करते आणि तिच्यातल्या रंध्रांतून तो श्वास घेतो, हे लक्षात घेतले तर त्वचा रंगवण्याचा अर्थ समजतो. पृष्ठभागावरचे खडे गोंदाने एकमेकांना चिकटवून तयार केलेला कडक थरही याच जातीचा. तो आत पाणी नीट जाऊ देत नाही आणि आतला ओलावा बाहेर पडू देत नाही. असे झाड घेतलेच तर घरी येताच तो थर पक्कडीने तुकडे करून काढून टाकावा.

लाल, नारिंगी किंवा पिवळ्या चेंडूचा, हिरव्या दांड्यावर बसवलेला जो निवडुंग सगळीकडे मिळतो, तो मात्र रंगवलेला नसतो, त्याची गोष्ट वेगळी आणि खरोखर रंजक आहे. वरचा चेंडू हा जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या दक्षिण अमेरिकी जातीचा हरितद्रव्य नसलेला प्रकार असतो. १९४० च्या सुमारास जपानमधल्या एका रोपवाटिकेत हजारो रोपांमध्ये काही तांबडी रोपे निघाली आणि त्यांच्यापासून हा सारा पसारा वाढला. हिरवा रंग नसल्यामुळे ही रोपे स्वतःचे अन्न बनवू शकत नाहीत, एकटी ठेवली तर काही दिवसांतच मरतात, म्हणून त्यांचे कलम दुसऱ्या निवडुंगाच्या खुंटावर करावे लागते. हा तीन धारांचा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलीचा असतो. म्हणजे आपण एका कुंडीत दोन झाडे विकत घेतो आणि त्या दोघांचे स्वभाव जुळत नाहीत: खुंटाला ऊब आणि बऱ्यापैकी पाणी हवे, थंडीत तो लवकर कुजतो, तर वरच्या चेंडूला कडक ऊन सोसत नाही. जोडावरचे हे सहजीवन सहसा काही वर्षेच टिकते. खुंट कुजला तर चेंडू कापून नव्या खुंटावर बसवता येतो, पण ते कौशल्याचे काम आहे. मी कोणाला हा निवडुंग घेऊ नका असे म्हणत नाही, फक्त तो दीर्घायुषी नाही हे माहीत असून घ्यावा. लहान मुलाला पहिले झाड म्हणून मात्र मी तो कधीच देणार नाही.

दुकानात ‘कॅक्टस’ अशा एकाच पाटीखाली ठेवलेली सगळी झाडे निवडुंगाच्या कुळातली नसतात, हेही पाहायला हवे. खऱ्या निवडुंगाच्या काट्यांच्या मुळाशी एक बारीक लवदार गादी असते, तिला एरिओल म्हणतात, आणि काटे, फुले, फांद्या सारे तिच्यातूनच फुटते. उंच खांबांसारखे वाढणारे काटेरी युफोर्बिया दिसायला तसेच असले तरी त्यांना ही गादी नसते, आणि साल किंचित खरवडली की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना त्रासदायक असतो, म्हणून घरात लहान मुले किंवा पाळीव जनावरे असतील तर हा फरक माहीत असणे गरजेचे आहे. दुसरा एक सावधगिरीचा विषय म्हणजे सशाच्या कानांसारखी फडे असलेला, लांबून मखमली दिसणारा ओपन्शिया मायक्रोडेसिस. त्याच्या पिवळ्या ठिपक्यांमध्ये लांब काटे नसतात, असतात ती शेकडो सूक्ष्म आकडेदार कुसळे, जी नुसत्या स्पर्शाने बोटांत शिरतात आणि दिसतही नाहीत. चिकटपट्टी दाबून ओढली की बरीचशी निघतात, उरलेल्यांसाठी चिमटा आणि भिंग लागते.

कुंडीवर जातीचे नाव लिहिलेले असेल तर ते झाड घेण्याकडे माझा कल असतो, कारण नाव कळले की त्याचे मूळस्थान कळते आणि मूळस्थान कळले की निम्मी निगा आपोआप ठरते. खिडकीत ठेवायचा असेल तर मॅमिलेरिया, रिब्युटिया आणि जिम्नोकॅलिशियम या वंशांतल्या सामान्य जाती मला सर्वांत भरवशाच्या वाटतात. त्या लहान राहतात आणि लहान वयातच फुलतात. मॅमिलेरियाच्या शेंड्याभोवती फुलांचे कडे येते, ते एकदा पाहिले की चिकटवलेल्या फुलांचा मोह उरत नाही. सोनेरी काट्यांचा गोल एकायनोकॅक्टस ग्रुसोनी सर्वत्र मिळतो आणि देखणाही असतो, पण त्याला फुले येण्यासाठी तो साधारण पस्तीस-चाळीस सेंटिमीटर रुंद व्हावा लागतो, तेव्हा खिडकीत फुलाची वाट पाहू नये. हीच जात मेक्सिकोतल्या तिच्या मूळ अधिवासात धोक्यात आहे. १९९० च्या दशकात झिमापान धरणाच्या पाण्याखाली तिच्या अधिवासाचा मोठा भाग गेला. जगभर लाखोंनी विकले जाणारे झाड आपल्या मूळ दरीत मोजके उरावे, ही या कुळाची एक विचित्र स्थिती आहे.

आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेपर्यंत पोचलेली रिप्सॅलिस बॅसिफेरा ही एक जात सोडली तर निवडुंगाचे सगळे कूळ मूळचे अमेरिका खंडांतले आहे. २०१५ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्यातल्या ३१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत आणि त्यामागे शौकिनांसाठी होणारी रानातली उचल हे एक मोठे कारण आहे. १९७५ पासून जवळजवळ संपूर्ण कूळ साइट्स या, धोक्यातल्या वन्यजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट आहे, तरी २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरून आणलेल्या कोपियापोआ या निवडुंगांचा मोठा साठा पकडला गेला आणि त्यातली शेकडो झाडे पुढे चिलीला परत पाठवण्यात आली. सर्वसाधारण दुकानातली छोटी झाडे बियांपासून किंवा फुटव्यांपासूनच वाढवलेली असतात, त्यामुळे तिथे घाबरण्याचे कारण नाही. पण समाजमाध्यमांवर कोणी खरबरीत, व्रणांनी भरलेला, वेडावाकडा झालेला आणि मुळे तोडलेला ‘जुना नमुना’ विकत असेल, तर तो कुठून आला हे विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि उत्तर गुळमुळीत मिळाले तर अजिबातच घेऊ नये.

घरी आणलेले झाड मी इतर झाडांपासून तीन-चार आठवडे दूर ठेवतो, कारण दुकानात न दिसलेली कीड या काळात दिसू लागते. वाढीचा हंगाम चालू असेल तर याच काळात मी त्याची कुंडीही बदलतो. वर्तमानपत्राची जाड घडी करून ती पट्ट्यासारखी झाडाभोवती गुंडाळली की काटे न टोचता ते धरता येते. कुंडी आडवी धरून कडेने हलके दाबले की कुंडीच्याच आकाराचा एक तपकिरी गोळा बाहेर येतो. कोरडा असेल तर तो टणक असतो, आणि त्याच्या आत बऱ्याचदा आणखी एक गोळा निघतो: रोप अगदी लहान असताना ज्या जाळीच्या किंवा कागदी बटव्यात लावले होते, तो बटवा तसाच असतो. बाहेरच्या पीटमध्ये मोजकी मुळे पसरलेली, आणि आतल्या बटव्यात मुख्य मूळ आवळून एखाद्या गाठीसारखे झालेले, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. बोथट काडीने पीट बाहेरून आत या क्रमाने मोकळे करावे, जाळी कात्रीने कापून काढावी, आणि गोळा फारच घट्ट असेल तर तो कोमट पाण्यात काही वेळ भिजवून मग मुळे मोकळी करावीत. थोडी बारीक मुळे तुटतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. मुळांच्या जखमा सुकण्यासाठी झाड सावलीत काही दिवस तसेच उघडे ठेवावे, मग कोरड्या मिश्रणात लावावे आणि पहिले पाणी आठवडाभराने द्यावे. निवडुंगाला एवढे दिवस पाण्यावाचून काही होत नाही, पण ओल्या मिश्रणात तुटकी मुळे गेली तर कूज ठरलेलीच.

मिश्रणाच्या पाककृती ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात आणि त्यावरून वादही होतात. माझ्या दृष्टीने अट एकच आहे: निम्म्याहून अधिक भाग खनिज, भरड आणि हवा खेळती ठेवणारा असावा. प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), पर्लाइट (भाजून फुगवलेले पांढरे, हलके खनिज), दोन ते पाच मिलिमीटर जाडीचे दगडाचे किंवा विटेचे तुकडे यांपैकी जे मिळेल ते चालते, मात्र चाळून धूळ काढून टाकावी, कारण हीच धूळ पुढे चिखल होऊन तळाशी बसते. बारीक वाळू वापरू नये, ती हवेची जागा भरून टाकते, आणि समुद्राच्या वाळूत शिवाय क्षारही असतात. उरलेल्या भागात चांगले कुजलेले कंपोस्ट असले की पुरे. ‘कॅक्टस मिश्रण’ अशा नावाने मिळणाऱ्या पिशव्यांत बहुधा पीट आणि चिमूटभर वाळू असते, त्यात तितकाच भरड माल मिसळल्याशिवाय मी त्या वापरत नाही.

कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभर रुंद, एवढीच असावी. मोठ्या कुंडीतल्या ज्या मातीत मुळे पोचलेली नाहीत ती नुसती ओली राहते. तळाला भोक हवेच. भोक नसलेल्या शोभिवंत भांड्यात तळाशी खड्यांचा थर देऊन निचरा होतो, हा समज फार चिवट आहे, पण तो खरा नाही. बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या भरड थरात उतरतच नाही, त्यामुळे ओलीचा पट्टा तळाऐवजी मुळांजवळ सरकतो आणि नुकसान वाढते. बंद काचेच्या भांड्यात निवडुंग लावण्याची पद्धत तर माझ्या समजुतीपलीकडची आहे.

प्रकाशाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. खिडकीपासून दीड-दोन मीटर आत आले की आपल्याला खोली तितकीच उजळ वाटते, पण प्रकाश तिथे काही पटींनी घटलेला असतो. निवडुंगाची जागा खिडकीच्या काचेलगत किंवा उघड्या सज्जात आहे, टीव्हीशेजारी नाही. संगणकाजवळ ठेवलेला निवडुंग किरणोत्सर्ग शोषून घेतो ही तर निव्वळ भाकडकथा आहे आणि तिच्यापायी कितीतरी झाडे अंधाऱ्या टेबलांवर काकडीसारखी लांबून मेली आहेत. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते: दुकानाच्या सावलीतून आणलेले झाड ‘वाळवंटातलेच तर आहे’ म्हणून थेट दुपारच्या उन्हात ठेवले जाते. दोन-तीन दिवसांत उन्हाकडच्या बाजूला फिकट पिवळा-पांढरा डाग पडतो, पुढे तो तपकिरी आणि खरखरीत होतो, आणि तो कधीही जात नाही. आधी सकाळचे कोवळे ऊन, मग पातळ जाळीखालचे, अशा क्रमाने दोन-तीन आठवड्यांत झाडाला उन्हाची सवय करावी.

पाण्याविषयी सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत जास्त घोटाळाही तिथेच आहे. ‘महिन्याला एक चमचा पाणी’ असे काही कुंड्यांवर लिहिलेले असते. एका चमच्याने वरचे बोटभर मिश्रण ओले होते, खालच्या मुळांना काहीच मिळत नाही आणि ती हळूहळू मरतात. पुढे कधी भरपूर पाणी पडले की ते शोषायला मुळेच शिल्लक नसतात, आणि झाड कुजते. वाढीच्या हंगामात तळातून निघेपर्यंत पाणी द्यावे, बशीतले पाणी ओतून टाकावे, आणि मग मिश्रण पूर्ण कोरडे होईपर्यंत कुंडीला हात लावू नये. कोरडेपणा ओळखायला कुंडीचे वजन हा उत्तम मापक आहे. दोन-तीनदा उचलून पाहिले की हाताला ते कळू लागते. दोन पाण्यांमधले अंतर हवेवर, कुंडीवर आणि मिश्रणावर ठरते, त्यामुळे दिवसांचा ठरावीक हिशेब मी कोणालाच सांगत नाही. फवारणी करून निवडुंग भिजवण्याचाही काही उपयोग नसतो, विशेषतः दाट लव असलेल्या जातींवर, जिथे ओल अडकून राहते.

निवडुंगाचे कामकाज रात्री चालते. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून तो रंध्रे मिटून घेतो आणि रात्री गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतो. म्हणून त्याला रात्रीचा गारवा मानवतो. रात्रीही तापमान उतरत नसेल अशा तीव्र उन्हाळ्यात अनेक जाती वाढ थांबवतात, आणि तेव्हा ‘उन्हाळा आहे’ म्हणून पाणी वाढवणे अंगाशी येते. थंडीत बहुतेक वाळवंटी जातींना पाच ते दहा अंशांच्या आसपासचे तापमान आणि जवळजवळ कोरडी कुंडी मिळाली की त्या व्यवस्थित विश्रांती घेतात, आणि रिब्युटिया, मॅमिलेरिया यांना पुढच्या हंगामात फुले येतात ती याच विश्रांतीच्या जोरावर. किंचित आकसलेले झाड पाहून या काळात घाबरून पाणी घालू नये. मेलोकॅक्टससारख्या उष्ण प्रदेशातल्या जाती मात्र इतका गारवा सोसत नाहीत. खत द्यायचे तर वाढीच्या काळातच, नत्र कमी आणि पालाश जास्त असलेले, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने. दुकानातून आणलेल्या झाडाला पहिले काही महिने ते नकोच, त्याचे आधीच भरपूर लाड झालेले असतात.

चपट्या पेरांचा, लोंबत वाढणारा श्लुम्बर्गेरा हा निवडुंगही ‘कॅक्टस’ याच पाटीखाली विकला जातो, पण वरचे बरेचसे नियम त्याला लागू नाहीत. तो ब्राझीलच्या दमट अरण्यात झाडांच्या फांद्यांवर वाढतो, त्यामुळे त्याला गाळलेला प्रकाश, भुसभुशीत मिश्रण आणि अधिक नियमित ओलावा हवा. कळ्या धरण्यासाठी त्याला लांब रात्री आणि गारवा लागतो, आणि कळ्या आल्यावर जागा बदलली की त्या गळतात.

आता उरले दुखणे-खुपणे. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपावा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासावे, कारण अंडी पहिल्या फेरीत सुटतात. अल्कोहोल लावलेले झाड त्या दिवशी उन्हात ठेवू नये. मुळांवरचा पिठ्या ढेकूण कुंडी काढल्याशिवाय दिसत नाही. तो आढळला तर मुळे धुऊन, जुने मिश्रण टाकून, स्वच्छ कुंडीत पुन्हा लावावे. शेंड्याजवळ गंजासारखा बारीक तपकिरी पट्टा येऊ लागला तर लाल कोळी या रस शोषणाऱ्या अतिसूक्ष्म किडीचा संशय घ्यावा आणि भिंगाने पाहावे. कोरड्या, कोंडलेल्या हवेत तो फोफावतो.

बुडाची कूज वेळेवर लक्षात आली तर झाडाचा वरचा भाग वाचू शकतो. अल्कोहोलने पुसलेल्या धारदार सुरीने मऊ भागाच्या वर आडवा छेद घ्यावा आणि कापलेल्या पृष्ठभागाकडे नीट पाहावे. मधोमध एक वर्तुळ दिसते, ती झाडाची वाहिन्यांची नळी. त्या वर्तुळावर तांबूस किंवा तपकिरी ठिपका असेल तर कूज आणखी वर गेली आहे, म्हणून सुरी पुन्हा पुसून अर्धा सेंटिमीटर वर दुसरा छेद घ्यावा, आणि संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा फिकट हिरवा दिसेपर्यंत हेच करत राहावे. कडेची धारदार साल थोडी तिरकी तासावी, म्हणजे सुकताना मधला भाग आत खेचला गेला तरी मुळे खालच्या दिशेने फुटतात. मग तो तुकडा कोरड्या, सावलीच्या आणि वाऱ्याच्या जागी जखमेवर टणक खपली धरेपर्यंत ठेवावा. बारीक खोडाला यास आठवडा-दीड आठवडा लागतो, जाड खोडाला तीन-चार आठवडेही लागू शकतात. त्यानंतर तो कोरड्या भरड मिश्रणावर नुसता टेकवून ठेवावा, पुरू नये, आणि मुळे दिसू लागल्यावरच पहिले पाणी द्यावे.